चर्चच्या कार पार्कमधला मोर

शेजारणीचे वडील ग्वाटेमालाहून कार्डिफला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या बागेत उभे राहून डोंगर शोधत होते. डोक्यावर गवती हॅट, अंगात लेकीचं जांभळं पफर जॅकेट, आणि हात पाठीमागे बांधलेले. मी किचनच्या खिडकीतून पाहत होते. सावकाश स्वतःभोवती फिरून त्यांनी चारी दिशा तपासल्या. एकीकडे शेड, दुसरीकडे आमची वॉशिंग लाइन, तिसरीकडे पलीकडच्या मुलांचं ट्रॅम्पोलिन. शेवटी छपरांच्या वर त्यांना गार्थची टेकडी दिसली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ रोखून पाहिलं, लेकीला काहीतरी विचारलं आणि आत निघून गेले.

मला राहवेना. चहाचा कप घेऊन मी कुंपणापाशी गेले.

"काय म्हणाले गं?"

"विचारत होते, ही धूर कधी सोडते," ती म्हणाली. "मी सांगितलं, ही सोडत नाही. तर म्हणाले, मग तिला डोंगर का म्हणता?"

ही माझी शेजारीण आमच्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे. आमच्या म्हणजे नवऱ्याच्या. तो तिथे भूल देतो आणि घरी येऊन स्वतःच झोपतो. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिल्यावर आमच्यात परकेपणा असा काही उरलेला नाही. ती एकुलती एक. आई गेली, आणि वडील अँटिग्वा नावाच्या त्यांच्या जुन्या शहरात एकटे राहत होते. तिथल्या दगडी रस्त्यावर पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा ही विमानात बसली आणि त्यांना घेऊनच परत आली. परतीचं तिकीट ईस्टरनंतरचं होतं. त्या तिकिटावर त्यांनी बसू नये, इथेच राहावं, एवढं एकच तिला हवं होतं. मागची खोली तिने स्वतः रंगवली, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घातलं, खिडकीत जिरेनियम ठेवले. आजोबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांची बॅग मात्र जमिनीवर उघडी पडलेली असायची. धुतलेले शर्ट ते घडी करून पुन्हा बॅगेतच ठेवत. कपाट रिकामंच.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणायला लागले. लेकीने त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी मान डोलावली, म्हणजे एखाद्याने रजेचा अर्ज मंजूर करावा तशी. जन्मभर शाळेचे हेडमास्तर होते ना! निवृत्त झाले तरी मार्क देणं सुटलं नव्हतं. कार्डिफच्या ब्रेडला दहापैकी चार. आमच्या बसला सात, कारण ड्रायव्हर गाणी लावत नाही. लेकीने केलेल्या सूपला पाच, तेही ती समोर बसलेली असताना. माझ्या शंकरपाळ्यांना आठ मिळाले आणि मी दिवसभर हवेत होते. ते शंकरपाळे कॉफीत बुडवून खात. त्यांच्याकडेही तशी कडक बिस्किटं असतात, ती बुडवल्याशिवाय खाणारा माणूस संशयास्पद समजतात, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

दुपारी माझी शिफ्ट नसली की मी त्यांच्याकडे जायची. मी फार्मसीत काम करते, दिवसभर लोकांची दुखणी ऐकते. त्यामुळे कुणी न दुखणाऱ्या गोष्टी सांगितल्या की मी चांगली श्रोती होते. मला स्पॅनिश येत नाही आणि त्यांचं इंग्लिश दहा-बारा शब्दांचं. मधे लेक बसलेली, इकडचं तिकडे करत.

त्यांच्या शहरात म्हणे सगळी घरं बैठी. भूकंपाचं भय, त्यामुळे उंच बांधायची कुणाची छाती नाही. जुन्या काळी पडलेली चर्चेस तशीच ठेवलेली, छप्पर नसलेली, आत गवत आणि मांजरं. भिंती पिवळ्या, तांबड्या, निळ्या. एका रस्त्यावर पिवळी कमान आहे आणि तिच्यातून पाहिलं की बरोब्बर मधे ज्वालामुखी. शहराच्या एका अंगाला जो उभा आहे त्याचं नाव पाणी, आणि दुसऱ्या अंगाचा आहे त्याचं नाव आग. पाणी गप्प असतो. आग मात्र दिवसातून कितीदा तरी खाकरतो, धुराचा गोळा सोडतो, आणि रात्री कधी कधी त्याच्या टोकावरून लाल ओघळ उतरताना दिसतो.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

आजोबांनी खांदे उडवले. जेवताना खिडकीच्या काचा थरथरल्या तर आम्ही फक्त ग्लास धरतो, म्हणाले. पण सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघायचं, मग तोंड धुवायचं.

मलाही मग चेव आला. म्हटलं, आजोबा, मीही ज्वालामुखीवालीच आहे. आमचा सह्याद्री पूर्ण लाव्ह्याचा. काळा कुळकुळीत दगड, थरावर थर. माझ्या माहेरच्या अंगणात कपडे धुवायचा दगडसुद्धा त्यातलाच.

त्यांचे डोळे चमकले. "शेवटचा धूर कधी?"

"माणूस जन्माला यायच्या आधी."

"म्हणजे रिटायर्ड," आजोबा म्हणाले. "माझ्यासारखा." आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आतित्लान नावाच्या तळ्याबद्दलही ते असंच सांगत. भोवती तीन ज्वालामुखी, दुपारनंतर उठणारा वारा, काठावर गावं, आणि प्रत्येक गावच्या बायकांच्या पोलक्याचं विणकाम निराळं. बाई बाजारात दिसली की ती कुठल्या गावची ते कापडावरून कळतं. मी म्हटलं, आमच्याकडेही काठावरून साडी ओळखतात. त्यांनी सहा मार्क दिले. साडीला की मला, ते कळलं नाही.

पण ते खरे खुलले ते गालिच्यांवर. ईस्टरच्या आधी तिथे मोठमोठ्या मिरवणुका निघतात. चाळीस-पन्नास माणसं खांद्यावर येशूच्या मूर्तीचा अवजड लाकडी चौथरा घेऊन डुलत डुलत चालतात. त्या वाटेवर प्रत्येक घर आपापल्या दारासमोरचा रस्ता सजवतं. रंगवलेला लाकडाचा भुसा, पाइनच्या सुया, फुलं, कधी भाज्यासुद्धा. सगळं कुटुंब रात्रभर खपतं. लेकीने फोनवर फोटो दाखवले आणि मी तो फोन हातातून सोडेना.

आता माझं सांगायला हवं. आमच्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळीची रांगोळी मी काढते. दुसरं कुणी काढत नाही, आणि कुणी काढू म्हणालं तर मला ते आवडत नाही. हॉलच्या मधोमध मोठा गालिचा, चारी बाजूंनी खुर्च्या, खुर्च्यांना दोरी. एकदा एका कन्सल्टंटसाहेबांच्या बुटाचं टोक कडेला लागलं, तर मी वर्षभर त्यांच्याशी तुटकच बोलत होते. नवरा म्हणतो, हिच्या रांगोळीला आयसीयूचे व्हिजिटिंग अवर्स आहेत. म्हणू दे.

कल्पना शेजारणीची. गल्लीच्या टोकाला तिचं चर्च आहे. गुड फ्रायडेला तिथले लोक क्रॉस घेऊन कार पार्कमधून एक फेरी घालतात, छोटीशीच. त्या वाटेवर बाबांनी गालिचा घातला तर?

"त्यांना इथे स्वतःचं काहीतरी हवं," ती मला म्हणाली. "नुसता माझा टीव्ही आणि माझं सूप नको. प्लीज, तू हेल्प करशील? तुझ्या रांगोळीवाल्या फ्रेंड्सना घेऊन?"

तिच्या आवाजात असं काही होतं की मी विचार न करता हो म्हटलं. प्रीस्टही तयार झाले, फक्त कुणी पडायला नको एवढं म्हणाले.

एका सुतारकामाच्या वर्कशॉपमधून भुसा मिळाला, पोती भरभरून. तो आमच्या गॅरेजमध्ये रंगला, कारण शेजारणीचं गॅरेज म्हणजे खोक्यांचं गोदाम. मंडळातल्या दोघी मैत्रिणी आल्या. आम्ही जुन्या बादल्यांतून भुसा चोळत होतो, कोपरापर्यंत हिरव्या-जांभळ्या. नवरा दारातून डोकावला.

"अगं, माझी कार कुठे ठेवू?"

"रोडवर ठेव. पार्किंग फ्री आहे."

"आणि हे सगळं कधी क्लिअर होणार?"

"तू आत जाऊन डाळीचा कुकर लाव बघू," मी म्हटलं, आणि तो गेला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं.

खरं भांडण नक्षीवरून झालं. आजोबांना मधे क्वेत्झाल हवा होता, लांब हिरव्या शेपटीचा त्यांचा पक्षी. मला मोर हवा होता. दोघांच्या शेपट्या लांब, दोघांचा रंग हिरवा, पण माघार कोण घेणार? शेवटी मोर मधे आणि क्वेत्झाल चार कोपऱ्यांत असं ठरलं. मी जिंकले, कारण भाषांतर करणारी माझ्या बाजूची होती.

गुड फ्रायडेला पहाटेच आम्ही कार पार्कमध्ये होतो. भुरभुर पाऊस. मंडळाच्या समर पिकनिकचे गझिबो, म्हणजे घडीचे मंडप, आणून आम्ही ओळीने उभे केले. मला वाटलं आजोबा आभाळाला नावं ठेवतील, पण ते खूश होते. भुसा ओलाच ठेवावा लागतो, नाहीतर उडतो. तिकडे दिवसभर पंपाने पाणी फवारत बसावं लागतं. इथे ते काम फुकटात होत होतं. वेल्श पावसाला त्यांनी जागच्या जागी नऊ मार्क दिले.

त्यांची पद्धत अशी की खाली वाळूचा थर, वर दोन्ही कडांना टेकून आडव्या फळ्या, फळीवर पालथं पडून चाळणीने भुसा गाळायचा, पुठ्ठ्याचे साचे ठेवायचे आणि उचलायचे. भुशाला बोट लावायचं नाही. माझी पद्धत चिमटीची. मी फळीवर पडले, पण मोराच्या पिसाऱ्याच्या रेघा काही साच्यातून निघेनात, म्हणून चिमूट घेतली आणि सोडायला लागले. मागून आजोबांचा आवाज आला.

"नो! टू स्लो!"

मी ऐकलंच नाही. पुढची रेघ ओढली, तिच्या शेजारी तिसरी. थोड्या वेळाने पाहते तर ते माझ्याजवळ उकिडवे बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर. मग उठले आणि माझा हात पोहोचावा म्हणून माझी फळी हातभर पुढे सरकवून दिली.

दुपार होईतो गालिचा पुरा झाला. कडेला जांभळी वेल, कोपऱ्यांत हिरवेगार क्वेत्झाल, आणि मधे माझा मोर, छाती काढून उभा. इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. शेजारीण नुसती वडिलांकडे पाहत होती. आजोबा घरी जाऊन काळा सूट घालून आले होते, आणि गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला, हॅट काढून, ताठ उभे होते. मिरवणूक या टोकापासून त्यांच्यापर्यंत गालिच्यावरून जाणार होती.

आणि इथे मी माती खाल्ली. मला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. मिरवणूक यावरून जाणार हे मी शंभरदा ऐकलं होतं, आपल्याकडच्या पायघड्या पाहतच मोठी झाले होते. पण चर्चमधले लोक बाहेर यायला लागले, कुणाची पुशचेअर, कुणाचे चिखलाचे बूट, आणि माझा हात आपोआप कार पार्कच्या कोपऱ्यात रचलेल्या नारिंगी ट्रॅफिक कोन्सकडे गेला. म्हटलं, मिरवणूक येईपर्यंत तेवढे ठेवू. मैत्रिणींनीही सवयीने हात लावला. क्षणात गालिच्याभोवती कोन्स, कोन्समध्ये दोरी. "माइंड द एजेस, प्लीज," मी सगळ्यांना सांगत होते, आणि सांगताना मला फार बरं वाटत होतं.

मिरवणूक आली. पुढे क्रॉस घेतलेले प्रीस्ट, मागे तीसेक माणसं. प्रीस्टनी कोन्स पाहिले, माझ्याकडे पाहून सौजन्याने मान हलवली आणि वळले. सगळी मिरवणूक दोन भागांत फुटली आणि दोन्ही बाजूंच्या डांबरावरून, चवड्यांवर, एकमेकांना सांभाळत पुढे गेली. "गॉर्जस!" "ओह, मस्ट नॉट टच!" फोटो निघाले. माझी मान ताठ झाली. मग मला आजोबा दिसले.

मिरवणूक त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली होती. ते तसेच उभे होते, हॅट छातीशी धरून, समोर अख्खा गालिचा. त्यावर एक पाऊल नव्हतं. ते हळूच मागच्या भिंतीवर टेकले.

शेजारीण माझ्याकडे आली. रागावली असती तर बरं झालं असतं. "गालिचा अख्खा राहिला म्हणजे त्या दारावरून कोणी गेलंच नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे असं कधी होत नाही. बाबा म्हणाले, इट्स ओके, इथल्या लोकांना काय माहीत. आणि बॅगेला लावायचं कुलूप कुठे ठेवलंय, ते विचारत होते."

इतके महिने ती एका माणसाला धरून ठेवायला धडपडत होती, आणि मी कोन्स लावून त्याला वाटेला लावलं. मला स्वतःचा असा संताप आला की पहिला कोन मी लाथेनेच उडवला. दोरी ओढून काढली. प्रीस्टच्या मागे धावले. ते चर्चच्या दारापर्यंत पोहोचले होते.

"फादर, सॉरी, वन मोअर टाइम. पुन्हा एकदा. मधून. मधून चाला!"

ते परत आले, माणसंही आली, पण गालिच्याच्या कडेला येऊन सगळे थबकले. मीच त्यांना दम दिला होता, आता पाय कोण टाकणार? प्रीस्ट क्रॉस धरून अवघडून उभे. एक आजीबाई म्हणाल्या, "वी कुडंट पॉसिब्ली, डिअर." सगळे एकमेकांकडे पाहत होते, आणि मग माझ्याकडे.

मी बूट काढले. मोजेही काढले, रंगांवर बूट घालून जायचं तर माझ्या पायांना जमलंच नसतं. पहिलं पाऊल जांभळ्या वेलीवर पडलं. भुसा थंड, ओला, मऊ. दुसरं, तिसरं. मोराच्या पिसाऱ्यापाशी आले तेव्हा जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. त्या रेघा मी सकाळभर श्वास रोखून सोडल्या होत्या. डोळे भरून आले, नाक गळायला लागलं, आणि मी चालत गेले, सरळ मोराच्या छातीवरून, आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

मागे वळून पाहते तर काय! मी काढले म्हणून प्रीस्ट बूट काढत होते. हीच रीत असणार असं समजून सगळेच काढत होते. आजीबाई एका मैत्रिणीच्या खांद्याला धरून सॅंडलचा पट्टा सोडत होत्या. एप्रिलच्या त्या गारठ्यात अख्खी मिरवणूक अनवाणी गालिच्यावर उतरली, "ऊ, इट्स फ्रीझिंग!" करत, क्रॉस पुढे, मोर पायाखाली. आजोबा आधी बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. असं त्यांनी त्यांच्या अख्ख्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, बूट काढून कोणीच कधी येत नाही, असं ते लेकीला सांगत होते, आणि सांगताना हसून हसून त्यांना खोकला लागला.

सगळे चहाला आत गेल्यावर झाडायला आम्ही तिघंच राहिलो. तिकडे मिरवणुकीच्या पाठोपाठ म्युनिसिपालिटीची माणसं झाडू घेऊन येतात, इथे आम्हीच. मोर, क्वेत्झाल, वेल सगळ्याचा मिळून एक मळकट ढीग झाला होता. मी झाडत होते आणि मनात एकच चाललं होतं, आता हे जाणार. हसले ते हसले, पण कुलूप विचारलंय.

एवढ्यात आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांचा हेडमास्तरी आवाज सुरू झाला. बोट माझ्याकडे. शेजारीण झाडता झाडता भाषांतर करायला लागली.

"म्हणतायत, डाव्या बाजूची वेल वाकडी होती."

"माहितेय. मैत्रिणीने काढली."

"हिरवा फार डार्क झाला. पाऊस पडला की आणखी डार्क होतो, ते आपण बघायला हवं होतं. आणि मोर फार जाडा. दोन पावलांत संपला. लांब हवा, म्हणजे चालणाऱ्याला वेळ लागेल." ती हसत होती. "आणि म्हणतायत, कोन्स तुझ्या घरी ठेवायचे, इथे नाही. आणि..."

ती थांबली. आजोबा बोलतच होते.

"आणि काय?" मी विचारलं.

"म्हणतायत," ती म्हणाली आणि तिने झाडू दोन्ही हातांनी घट्ट धरला. "म्हणतायत की पुढच्या वर्षी..."

ती झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागली. आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मला डांबरावर बुटाच्या टोकाने रेघ मारून दाखवत होते, मोर कुठून सुरू करायचा ते.